द्रव्य, देव आणि मनुष्याची इच्छा

शास्त्रवाचन : अनुवाद ३०:१५-२०; प्रेषितांची कृत्ये १७:१६-३१

मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे काय, हा प्रश्न आपण वारंवार ऐकतो. त्याचे उत्तर ‘द्रव्य म्हणजे काय’ या आणखी जुन्या प्रश्नावर अवलंबून आहे. विषय गहन असला तरी दृष्टांत जवळचाच घेऊ.

१. द्रव्य आणि गुण

खुर्सीपार ही भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतची कामगारवस्ती. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली; येथील रूळ देशभर गेले. घडताना रूळ लालबुंद असतो, पुढे थंड व काळसर होतो. तरी रूळ तोच. लाली मात्र रुळावाचून एकटी राहू शकत नाही. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हाच भेद सांगितला : जे स्वतः टिकून परस्परविरुद्ध गुण धारण करते ते द्रव्य, जे दुसऱ्याच्या आश्रयाने राहते तो गुण. त्याच्या मते प्रत्येक मनुष्य हे द्रव्यच होय.

२. देकार्त आणि स्पिनोझा

देकार्तने १६४४ साली व्याख्या कडक केली : अस्तित्वासाठी ज्याला कशाचीही गरज नाही ते द्रव्य. काटेकोर अर्थाने असा एक देवच. परंतु ज्यांना केवळ देवाचाच आधार लागतो त्या निर्मित वस्तूंनाही त्याने दुय्यम अर्थाने द्रव्य म्हटले. ही सवलत स्पिनोझाने नाकारली. १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘नीतिशास्त्र’ ग्रंथात द्रव्य एकच आहे : देव अथवा निसर्ग. आपण सारे त्याच्या अवस्था, जशी रुळाची लाली.

याचा परिणाम पाहा. लाली अपराध करीत नाही, आणि मागेही फिरत नाही. स्पिनोझाने सदाचार व ईश्वरप्रेम शिकवले. पण पश्चात्तापाला त्याने सद्गुण मानले नाही. उलट लायब्निझने १७१० साली प्रतिपादिले की, हेतू इच्छेला कल देतात, सक्ती करीत नाहीत.

३. काशीतील मराठी शास्त्री

हाच वाद काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) यांनी आपल्या भूमीत मांडला. १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नहेम्या झाले. १८६० साली त्यांचा हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाला. जीव ब्रह्मच असेल, तर अज्ञान व पाप कोणाचे? अद्वैती म्हणतात, ते केवळ व्यावहारिक पातळीवरचे. गोऱ्यांना हे उत्तर पटले नाही. उलट, न्यायमताप्रमाणे जीव अनादि मानला, तर देव केवळ असलेल्या सामग्रीची मांडणी करणारा कारागीर उरतो. म्हणून त्यांनी निर्मितीचा सिद्धांत धरला : देवाने जीव शून्यातून निर्माण केला, तो सर्वस्वी देवावर अवलंबून आहे, तरी देवाहून भिन्न आहे.

४. आपला बोध

पराधीन असणे म्हणजे असत्य असणे नव्हे. अथेन्सात स्तोयिकांसमोर पौलाने आपले जगणे देवाच्या ठायी आहे असे सांगितले, आणि त्याच भाषणात सर्वांना पश्चात्तापाचे आवाहन केले. पहिले विधान आपला गर्व हरण करते. दुसरे आपली सबब. मोशेनेही इस्राएलापुढे जीवन व मरण ठेवले, ते निवड करता येते म्हणूनच.

मननासाठी प्रश्न

१. ‘माझ्या नशिबी हेच होते’ असे म्हणताना आपण स्वतःस द्रव्य मानतो की लाली?
२. देवावरील अवलंबन आणि स्वतःची जबाबदारी, यांपैकी आपण कोणती गोष्ट अधिक विसरतो?