एका पानाची नोंदवही

घरात सापडलेले जुने मराठी पुस्तक युनिकोडमध्ये आणण्याचे काम एका बैठकीत होत नाही. २०० पानांचे पुस्तक, रोज पाच-सहा पाने, मध्ये पाहुणे, आजारपण, दिवाळी. दोन महिने सहज जातात. पानाचे स्कॅन एआयला द्यायचे आणि त्याने वाचून दिलेला मजकूर मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडायचा, अशी माझी पद्धत आहे. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मी नवा संवाद उघडला आणि ‘कालच्यासारखेच पुढे चालू ठेव’ एवढेच सांगितले. बऱ्याच पानांनंतर ध्यानात आले, की ‘मी घरांत गेलों, तेव्हां तेथें कोणी नव्हतें’ अशा धाटणीच्या वाक्यांवरचे अनुस्वार साफ गेले होते. एआयने ते चुकीचे समजून सुधारले होते. अनुस्वार राखायचे हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवले होते, पण ते त्या पहिल्या संवादातच राहिले. काही सेवांमध्ये मागचे लक्षात ठेवण्याची सोय असते. तिच्यात काय टिकले आणि काय गळले हे मात्र आपल्याला नेमके ठरवता येत नाही. म्हणून नोंद आपण ठेवायची.

काम सुरू करण्याआधी स्कॅनच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल करा. नोटपॅड पुरते. तिचे तीन भाग: काम काय, काय ठरले, कुठवर आलो. पहिला भाग चार ओळींत संपवा: पुस्तकाचे नाव, छपाईचे वर्ष, मजकूर कशासाठी हवा, कोणत्या रूपात हवा. विकिस्रोतावर ठेवायचे असेल तर लेखकाच्या निधनाचे वर्षही इथेच लिहा, कारण भारतात प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो.

दुसऱ्या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक निर्णयापुढे त्याचे कारण आणि एक उदाहरण हवेच. ‘जुने लेखन ठेवावे’ एवढे लिहून भागत नाही. ‘पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहे, म्हणून नाहीं, तें, करणें हे असेच ठेवावे, नाही, ते, करणे असे करू नये’ असे लिहिले, की यादीत नसलेला ‘कोठें’ समोर आला तरी त्याचे काय करायचे ते कळते. कारण दिले की नियम न सांगितलेल्या जागीही लागू पडतो. तसेच ‘ऱ्य’चे. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला. यंत्राच्या वाचनात पहिल्याचे दुसरे सहज होते आणि वाक्य वाचताना खटकतही नाही. अशा जोड्या सापडतील तशा लिहीत जा.

तिसरा भाग रोज बदलतो. ‘पान ८६पर्यंत झाले’ ही नोंद फसवी आहे. झाले म्हणजे काय? एआयने वाचले, मी ताडले, की दुसऱ्यांदा वाचून पक्के केले? तिन्ही आकडे वेगळे लिहा. शिवाय पानांचे क्रमांक: मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांमुळे छापील पान १ हे स्कॅनमधले १३वे असू शकते. दोन्ही क्रमांक जोडीने लिहिले नाहीत तर एखादे पान हमखास सुटते. फाटलेल्या, पुसट जागा पान-ओळीसह नोंदवा आणि मजकुरात [?] ठेवा. एआयला अर्थाने जुळणारा शब्द भरता येतो, पण तो लेखकाचा असेलच असे नाही.

बैठक संपवताना दहा मिनिटे हाताशी ठेवा. संवाद फार लांबू देऊ नका. एआयला एका वेळी किती मजकूर ध्यानात घेता येतो याला मर्यादा असते, आणि सुरुवातीच्या सूचना पुढेपुढे निसटू लागतात. एआयला सांगा: ‘आज नव्याने ठरलेले, अजून शंकेत असलेले आणि उद्याचे पहिले काम, एवढेच लिहून दे.’ ते जसेच्या तसे चिकटवू नका. न ताडलेली पाने ‘तपासली’ म्हणून आलेली मी पाहिली आहेत. वाचा, दुरुस्त करा, मगच फाइलमध्ये घ्या आणि तारखेच्या नावाने एक प्रत वेगळी ठेवा. फाइल एका पानाबाहेर गेली तर मिटलेल्या शंका दुसऱ्या फाइलमध्ये हलवा. आमची एके दिवशीची नोंद अशी होती:

वाचले: छापील ८६ (स्कॅन ९८) पर्यंत. ताडले: ८१ (९३) पर्यंत. पक्के: ६० (७२) पर्यंत.
शंका: ७९, ओळ ४, दुसरा शब्द पुसट.
उद्या प्रथम: ८२ ते ८६ ताडणे. नवे पान त्यानंतरच.

नवी बैठक नव्या संवादात सुरू करा. आधी ही फाइल आणि सोबत पक्के झालेले एक पान द्या, स्कॅन आणि मजकूर दोन्ही. नमुना पाहून जे कळते ते निव्वळ नियमांतून कळत नाही. मग काय समजले ते एआयला त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. त्यानंतर दुसरे एक पक्के पान, फक्त स्कॅन, वाचायला द्या आणि आपल्या मजकुराशी ताडून पाहा. अनुस्वार आणि ‘ऱ्य’ जागच्या जागी असतील तर पुढे जा. नसतील तर संवादात समजावत बसण्याआधी फाइलमधला नियम नीट करा, म्हणजे परवाच्या बैठकीलाही तो उपयोगी पडेल.

पुस्तक संपले तरी दुसरा भाग आणि शंकांची नोंद टाकून देऊ नका. कोणते लेखन राखले, कुठे आणि का बदलले, कोणते शब्द वाचता आले नाहीत, हे सगळे त्यांत आधीच आहे. थोडी भाषा नीटनेटकी केली, की तीच या आवृत्तीची संपादकीय टीप होते.