पोर म्हणतं, मला गुंतवणुकीत काम करायचंय

बारावीनंतर काय करणार, या प्रश्नाची आपल्या ताडकळस गावात ठरलेली उत्तरं आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी, नाहीतर पोलीस भरती. त्यात एखादं पोर म्हणालं, "मला फंडात, गुंतवणुकीत काम करायचंय," की घरात सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, "सट्टा आहे तो. आपल्या घरात नको."

आपण बहुतेक जण असंच बोलतो, आणि काळजीपोटीच बोलतो. जादा व्याजाच्या लोभानं बुडालेली घरं आपण पाहिलेली असतात. दिवसभर रानात नाहीतर दुकानात राबून आल्यावर नीट विचारपूस करायचं त्राणही उरत नाही. पोराला मात्र एवढंच कळतं, की आपलं ऐकून घ्यायच्या आधीच नकार आला.

खरं तर हा विषय आपल्या पोरांना परका नाही. मोंढ्यात आज सोयाबीनचा काय भाव निघाला, हे ऐकतच ती वाढलीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेलं होतं. नवा माल येईपर्यंत ते निम्म्यावर उतरलं. पोरांनी विचारलं, "असं कसं?" आपण म्हणालो, "व्यापाऱ्यांनी पाडलं." पण त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. डिसेंबरात बाजार नियंत्रक सेबीनं सोयाबीनचे वायदेही बंद केले. पुढच्या एप्रिलात इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली आणि आपल्याकडे तेलाच्या डब्याची चिंता सुरू झाली.

ब्राझीलचं पीक, डॉलरचा दर, आयात शुल्क, रिझर्व्ह बँकेचे व्याजदर यांचा एकमेकांशी असलेला संबंध ओळखायचा आणि त्यावरून पैसा कुठं ठेवायचा ते ठरवायचं. यालाच मॅक्रो गुंतवणूक म्हणतात. भाव चढेल या आशेनं थप्पी लावून ठेवलेलं सोयाबीन आजोबांना पडत्या भावात विकावं लागलं, हे ज्या पोरानं पाहिलंय, त्याला जोखीम शब्दांत समजावून सांगायची गरज नाही.

आपली भीतीही खोटी नाही. सेबीनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. हा खेळ मोबाईलवरूनच सुरू होतो. पोरगं रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर आलेख बघत बसलं, तर "किती घालवलेस?" असं एकदम विचारू नका. "हे कसं चालतं, मला दाखव," म्हणा. ओरडा बसेल या धाकानं पोरं तोटा लपवतात, आणि तो भरून काढायला आणखी पैसे लावतात. मला सगळ्यात जास्त भीती या लपवण्याची वाटते.

या कामाचा खरा रस्ता लांबचा आहे, हे त्यांना आपणच सांगायला हवं. अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा संख्याशास्त्राची पदवी. जमलं तर १९३० पासून चालत आलेली पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. सेबीनं उभारलेल्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा. झेपलं तर गुंतवणूक विश्लेषकांची सीएफए परीक्षा. मग काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी. लोकांचा पैसा सांभाळायला मिळतो तो त्यानंतर. तिथं हुशारीइतकंच "हे तुमच्यासाठी नाही" असं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं धैर्य लागतं.

ते धैर्य घरात येतं, असं मला वाटतं. आणि घरात आपण पैशाचं बोलणं पोरांपासून दूर ठेवतो. कर्जाचा विषय निघाला की त्यांना बाहेर पाठवतो. त्यांना चिंता नको, हा आपला हेतू. पण दाराआडून अर्धवट ऐकलेलं पोराला जास्त घाबरवतं. मुलींना तर कुणी हिशेबात धरतच नाही. कितीतरी घरांत आईच्या बचत गटाची वही मुलगीच लिहीत असते, तरीही.

यंदा माल घातल्यावर आडतीची पट्टी मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. हमाली, तोलाई किती गेली ते त्यांनाच वाचू द्या. मग विचारा, यातलं सोसायटीचं किती फेडायचं, बियाण्याला किती ठेवायचं, आणि दवाखान्यासाठी हात न लावता किती बाजूला काढायचं. उत्तर आपल्याला पटलं नाही तरी लगेच खोडू नका. असं का वाटलं, ते आधी विचारा.