कुत्रीच्या स्तनाची गाठ आणि पूरक उपचार

कुत्रीच्या पोटावर सडांच्या साधारण पाच जोड्या असतात. स्तनाची गाठ बहुधा मागच्या दोन जोड्यांत होते. सुरुवातीला ती वाटाण्याएवढी असते आणि पोट खाजवताना हाताला लागते. अशा गाठींपैकी जवळपास निम्म्या घातक निघतात. मात्र कोणती घातक आणि कोणती साधी, हे बोटांनी चाचपून कळत नाही. त्यासाठी पेशींची तपासणीच करावी लागते.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. छातीचा एक्स-रे काढून आजार फुप्फुसांत पोचला नसल्याची खात्री करतात आणि मग गाठ काढतात. तीन सेंटिमीटरच्या आत असताना ती निघाली, तर कुत्री पूर्ण बरी होण्याची शक्यता बरीच जास्त असते. पूरक उपचारांचा खरा धोका इथेच आहे: काढा आणि लेप यांत महिने जातात, तोवर गाठ वाढते. सड लाल, गरम आणि दुखरे झाले असतील, तर तो नुसता दाह समजून घरी शेकत बसणे आणखी वाईट. कर्करोगाचा सर्वांत आक्रमक प्रकार असाच दिसतो आणि त्यात शस्त्रक्रियेचाही सहसा उपयोग होत नाही.

हळदीची कीर्ती मोठी आहे. तिच्यातल्या कर्क्युमिनचा परिणाम प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसतो, पण पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. लेप लावला तर कुत्री तो चाटून साफ करते, आणि सततच्या चाटण्याने कातडी सोलवटते ती वेगळीच. लसूण तर देऊच नये. लसूण आणि कांद्याने कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. होमिओपॅथीने गाठ विरघळल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा आधार घेता येतो, विशेषतः म्हाताऱ्या कुत्रीचे सांधेही दुखत असतील तेव्हा. सुई किंवा मालिश गाठीवर मात्र नको. माशाचे तेल खंगत चाललेल्या कुत्रीला बेताने देतात. जास्त झाले की जुलाब होतात. केमोथेरपी चालू असताना कच्चे मांस टाळावे आणि अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा परस्पर सुरू करू नयेत. माणसांच्या आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतात.

हळद आणि माशाचे तेल मोठ्या मात्रेत दिल्यास रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून घरी जे काही दिले जात असेल, ते शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच पशुवैद्यांच्या कानावर घालावे.