संस्थेचे दप्तर क्लाऊडवर नेताना

चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याची आवक वाढली की उत्पादक संस्थेच्या कचेरीतील एकाच संगणकावर वजने, पट्ट्या व येणे-देणे यांचा भार पडतो. तो ऐन हंगामात बिघडल्यास सभासदांचे पैसे अडकतात. अशा संस्थांनी दप्तर क्लाऊडवर हलविणे इष्ट होय. नाव ढगाचे असले तरी माहिती जमिनीवरील संगणक-केंद्रातच राहते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2015 साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे सुरू केली. घरच्या कणगीऐवजी धान्य भाड्याने वखारीत ठेवावे, तसाच हा व्यवहार आहे.

स्थलांतर मात्र काढणीच्या धामधुमीत करू नये. प्रथम जुनी खाती तपासून दुबार नावे काढावीत. नंतर महिनाभर जुने व नवे दप्तर बरोबरीने चालवून रोजची बेरीज ताडून पाहावी. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. व्यवस्थेचे मुख्य अधिकार एकट्या चिटणिसापाशी नसावेत. नक्कल ठेवली एवढ्यावर समाधान न मानता तीवरून एखादे खाते पुन्हा उभे करून पाहावे. नेमकी हीच गोष्ट बहुधा राहून जाते. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे आधीच लिहून घ्यावे. इंटरनेट बंद पडेल त्या दिवसासाठी कार्बनची पावतीपुस्तके कचेरीत असू द्यावीत.