घोट्यापर्यंत लुगडं

अगं बयो, परवा रात्री पाठवलेली रील मी दोनदा बघितली. ती परदेशातली मुलगी म्हणते, साडी म्हणजे बाईच्या पायातली बेडी. खाली तू लिहिलंयस, 'ताई, किती खरंय ना!' पोलादपूरच्या घरी रेंज फक्त मागच्या पडवीत येते. तिथं डास मारत तू हे सगळं बघतेस, वाचतेस, याचं मला खरंच बरं वाटतं. तुझ्या वयात 'संमती' हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. तुला तो फोनमधून मिळाला. तो घट्ट धरून ठेव.

पण साडीचं जरा ऐक. आजीच्या ट्रंकेत कथलाचा एक गोठ होता, आठवतो? काळपट, जड, एका अंगानं चेपलेला. तिच्या सासूचा. लहानपणी मी तो हातात घालून मिरवायला निघाले, तर आजीनं ओढून काढला. म्हणाली, "दागिना नाय तो, खूण हाय."

कसली खूण, ते मला फार उशिरा कळलं. आपल्या बायकांचं लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, अंगावर असले जड दागिने. म्हणजे लांबूनच जात ओळखू यावी. 1927 च्या 25 डिसेंबरला महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली, हे तू जयंतीच्या भाषणांत ऐकत आलीस. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते मात्र भाषणांत घाईघाईत उरकतात. त्यांनी सांगितलं: लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, ही ओळख सांगणारे दागिने टाका, मुलींना शाळेत घाला. आणि बायकांनी नेसणं बदललं, आजीच्या सासूनंही. गावात परतल्यावर कोण काय म्हणेल, याची भीती त्यांना वाटली नसेल का गं? तरी बदललं.

म्हणजे बघ, त्या मुलीला जे कापड बेडी वाटतं, तेच घोट्यापर्यंत सोडणं हे आपल्याकडे बंड होतं. ती खोटं बोलत नाही. तिच्या घरात ती बेडी असेलही, आपल्याकडेही पुष्कळ घरांत आहे. पण तिचं वाक्य तू जसंच्या तसं उचललंस, की आजीच्या सासूनं केलेलं त्यातून पुसलं जातं. म्हणून कुठलीही पोस्ट आवडली की आधी विचार, ही कुणाच्या अंगणातून बोलतेय? आणि आपल्या अंगणात याचा अर्थ काय होतो?

तू फॉलो करतेस त्या पेजवर 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द सारखा येतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ली क्रेनशॉ यांनी तो 1989 मध्ये दिला. काळ्या बाईवर वर्णाचा आणि बाईपणाचा मार एकदमच बसतो, तो सुटा करून मोजता येत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. त्याच 1989 मध्ये आपल्या कोकणातल्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. चळवळीतल्या म्हाताऱ्या बायका शोधून काढून, त्यांच्यापुढे बसून, त्यांना बोलतं करून लिहिलेलं. ते इंग्रजीत यायला 2008 उजाडलं. एकोणीस वर्षं! तोवर जगाला वाटत राहिलं, की या बायका काही बोललेल्याच नाहीत. मला याचा फार राग येतो. मुक्ता साळवे तर 1855 मध्येच आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहून गेली होती, तीही चौदा-पंधरा वर्षांची पोर.

आणखी एक. परवा तू आईला 'पॅट्रिआर्कल' म्हणालीस. तिला शब्द कळला नाही, पण तुझा सूर कळला. मला फोन करून रडली. बाबा मुंबईला असताना एप्रिल-मेमध्ये टँकरपुढे हंडे लावून तिनं आपल्याला वाढवलंय. तुझ्या पाळीत ती तुला बाजूला बसवते, ते चूकच आहे, आणि ते तू तिला सांगायलाच हवंस. पण तिच्या बोलीत सांग. "आई, मला एकटं वाटतं" म्हटलंस तर ती ऐकेल. मी तसंच सांगितलं होतं. लगेच नाही, पण वर्षभरानं तिनं मला स्वयंपाकघरात हाक मारली होती. तुझ्या वेळी पुन्हा सुरू झालं, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार.

आणि नुसतं शेअर करत बसू नकोस, स्वतः लिही. चित्रकूटच्या 'खबर लहरिया'तल्या बायकांनी 2002 मध्ये आपल्या बुंदेलीत छापील पत्र सुरू केलं, आज त्या मोबाइलवर बातम्या करतात. त्यांनी बोली सोडली नाही, म्हणून जगाला त्यांच्याकडे यावं लागलं.

तर 25 डिसेंबरला सकाळच्या एसटीनं महाडला ये. मी स्टँडवर थांबेन. आधी चवदार तळ्यावर जाऊ, मग आजीच्या मैत्रिणीकडे. तिच्या आईचं नेसणं कसं बदललं, ते तिला ठाऊक आहे. फोन चार्ज करून आण, पण गेल्या गेल्या तिच्या तोंडासमोर धरू नकोस. आधी चहा घे, तिच्याजवळ बस. रेकॉर्ड करू का, असं विचार. नको म्हणाली, तर वही काढ.