थर्माकोलचा ज्वालामुखी नको

चि. सई हिस,


तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेतर्फे तू जाणार, हे ताईकडून कळलं, आनंद झाला. दुकानातून तयार मॉडेल आणायचं घाटतंय, हेही कळलं. ते काही पटलं नाही. वर्गातल्या एका मुलीला इन्स्पायर-मानक पुरस्काराचे 10,000 रुपये मिळालेत, तिच्यापुढे आपलं फिकं पडेल, ही धास्ती मी समजू शकतो. पण परीक्षक म्हणून मी ही प्रदर्शनं पाहिली आहेत. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, सिरिंजांचा जेसीबी, थर्माकोलचं आदर्श गाव ही मंडळी दरवर्षी हजर असतात. मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणतात. ‘ही सिरिंज जाड घेतली तर काय होईल?’ एवढं विचारलं की सरांकडे बघतात. (सरांचा चेहराही तेव्हा बघण्यासारखा असतो.)

माठातलं पाणी गार का होतं, असं तू मे महिन्यात विचारलं होतंस. तोच प्रकल्प घे. उत्तर पुस्तकात आहेच: पाणी मडक्याच्या छिद्रांतून झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. पण किती पाणी उडतं आणि किती अंश उतरतात, ते तुझ्या ओट्यावर मोजता येतं. दोन-दोन लिटरची दोन सारखी मडकी आण. एकाला बाहेरून ऑइलपेंट लाव, दुसरं तसंच ठेव. हे कोरं मडकं आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर तेच पाणी पीत बसेल आणि तापमान-वजनाचा मेळ बसणार नाही. मग दर तासाला दोन्हींचं वजन आणि तापमान लिही.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी लागतात. दोन लिटर पाणी 8 अंशांनी उतरायचं तर 16,000 कॅलरी जायला हव्यात; म्हणजे 28 ग्रॅमच्या आसपास पाणी उडालं की हिशेब जुळला. तो जुळणार नाही बघ. काट्यावर घट जास्त दिसेल. का, ते मी सांगत नाही. बाहेरची गरम हवा तेवढा वेळ काय करत असते, याचा विचार कर. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील आणि तुझं खरं बोलणं इथूनच सुरू होईल. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी मोजलंस तर आणखी मजा येईल.

वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नकोस. खाडाखोडीची, पाण्याचे डाग पडलेली मूळ वहीच टेबलावर ठेव. पुढे जिल्हा, राज्य आहेच, पण त्याचा विचार आत्ता नको.

आणि घरातला ताप बघायचा थर्मामीटर वापरू नकोस, तो 35 अंशांच्या खाली काही दाखवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला मागून घे. बाई नाही म्हणाल्या तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
मामा