रंगातला कण आणि भिंतीची ओल

(द्वितीय वर्ष, कला)

विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही हा लेख लिहावासा वाटला, याला कारण माझे वडील. ते चेंबूर परिसरात रंगकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रंगवलेली एक भिंत हात लावताच पांढरी भुकटी सोडू लागली. मालकाने मजुरी कापली. "रंग खराब होता की माझा हात?" हा त्यांचा प्रश्न घरात बरेच दिवस रेंगाळत राहिला. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मुलगा मी. तेव्हा उत्तर मीच शोधायला हवे होते.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. प्लास्टिक पेंटमध्ये बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. त्यांचा आकार साधारण १०० नॅनोमीटर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर! सोबत टिटॅनियम डायऑक्साइडचे सुमारे २५० नॅनोमीटरचे पांढरे कण असतात. ते प्रकाश विखुरतात, म्हणून खालचा डाग झाकला जातो. पाणी उडून गेले की बहुवारिकाचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि तो पांढऱ्या कणांना धरून ठेवतो. भुकटी जास्त आणि बहुवारिक कमी झाले, तर धरणारे कोणी उरत नाही. स्वस्त डिस्टेंपर हाताला लागतो तो यामुळेच. वडिलांनी त्या वेळी मालकाच्याच सांगण्यावरून, रंग पुरावा म्हणून बादलीत खडूची भुकटी मिसळली होती. हात चांगला होता; प्रमाण चुकले होते.

आता संशोधक एक पाऊल पुढे गेले आहेत. खनिज आणि बहुवारिक वेगवेगळे न ठेवता दोन्ही एकाच कणात बांधायचे! अडचण अशी की वाळूतली सिलिका पाण्याशी सलगी करते, तर बहुवारिकाचा कच्चा माल, म्हणजे एकवारिक, तेलासारखा असतो. दोघांचे जमावे कसे? त्यासाठी सिलेन नावाचा मध्यस्थ लागतो. त्याचे एक टोक सिलिकाला घट्ट धरते, दुसरे टोक बहुवारिकाच्या साखळीत गुंफले जाते. अशी सिलिका एकवारिकात मिसळतात, त्यात साबणासारखे द्रव्य घातलेले पाणी ओततात आणि श्रवणातीत ध्वनिलहरींनी त्याचे बारीक थेंब करतात. मग पोटॅशियम परसल्फेट घालून सुमारे ७० अंश सेल्सिअसला तापवतात. प्राणवायू या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून भांड्यात नायट्रोजन सोडतात. प्रत्येक थेंबाचा एकेक कण होतो. पोटात सिलिका, भोवती बहुवारिक. पांढऱ्या कणांनाही असेच वेष्टण दिले तर त्यांच्या गुठळ्या होत नाहीत आणि कमी मालात भिंत झाकली जाते.

हे शास्त्र आपल्यापासून दूर नाही. माटुंग्याच्या ज्या संस्थेला आज आयसीटी म्हणतात, ती १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. बहुवारिके आणि रंगलेप हे तिथे अभ्यासाचे विषय आहेत.

हे सारे मी वडिलांना समजावून सांगितले. ब्रश धुता धुता त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सगळं खरं रे, पण आतून भिंत ओली असली तर?"

तर कोणताही कण टिकत नाही. ओल सरकली की पापुद्रा फुगतो आणि सुटतो. म्हणूनच वडील रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीला तळहात लावून पाहतात. मला वाटायचे, ती नुसती सवय आहे.